भूपेंद्रचा पसंतीक्रम

शनिवारी सकाळी अकरा वाजता शिक्षक भरतीची निवड यादी लागली. मयुरीचं नाव तीत होतं. जिल्हा होता सिंधुदुर्ग.

पहिल्या दोन वाक्यांवर आर्वीतल्या घरात आनंद झाला. तिसऱ्यापर्यंत तो टिकला नाही. कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसलेल्या तिच्या वडिलांनी, गजेंद्रनं, फोनवर "लागली" एवढंच ऐकलं आणि पेढे सांगून टाकले. पेढे घरी पोचले तेव्हा ते नेमके कशाचे, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी डबा न उघडता देवापुढे ठेवला गेला. देवाला निर्णयाची घाई नसते.

पौर्णिमा स्वयंपाकघरात भाताचं पाणी उतू जाऊ देत उभी होती. मुलीनं शिक्षिका व्हावं म्हणून या घरात जेवढं भांडण झालं, त्यातलं बहुतेक तिनं एकटीनं केलं होतं. डी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी तिनं नवऱ्याशी अबोला धरला. मयुरी पहिल्यांदा पात्रता परीक्षेत नापास झाली तेव्हा सासऱ्यांपुढे उभी राहून म्हणाली होती, "सोयाबीन एका वर्षी पिकलं नाई तर तुम्ही वावर विकता का?" हिंगणघाटच्या जिनिंगवाल्यांचं स्थळ आलं, तेव्हा तर तिनं मुलीच्या पत्रिकेत नसलेला मंगळ बसवून दाखवला होता. या सगळ्या लढायांत तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असायचं. मयुरी सकाळी डबा घेऊन बसमध्ये चढते, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन उतरते. बस देवळीची असायची. फार तर वडनेरची, तेही नाइलाज म्हणून. त्या चित्रात समुद्र कुठेच नव्हता.

"आई, भात," मयुरी मागून म्हणाली आणि तिनंच गॅस बंद केला. "लागली ना मी. तू काऊन अशी उभी?"

"कुठं आहे ते?"

"कोकणात. गोव्याच्या अलीकडं."

"गोव्याच्या," पौर्णिमा म्हणाली. जणू मुलीनं दारूच्या दुकानाच्या अलीकडं असं सांगितलं होतं.

दुपारी चार वाजता दुकानं नोकरांवर सोडून घरातले सगळे पुढच्या खोलीत जमले. असं या घरात फक्त मयतीला किंवा वाटणीला होत असे. सासरे मोतीलालजी खिडकीजवळच्या दिवाणावर डोळे मिटून पडले होते. ऐकायचं नसलं की ते झोपत आणि नीट ऐकायचं असलं की घोरत. आज ते घोरत होते. धाकटा दीर भूपेंद्र बाजार समितीतली अडत सोडून आला होता आणि त्याच्या शर्टावर अजून कापसाचे धागे होते. त्याची बायको रुचिका दाराच्या चौकटीत उभी होती. तिथून आतलं भांडणही दिसतं आणि बाहेर कोण ऐकतंय तेही.

माधव सरांना खास बोलावणं गेलं होतं. ते शेजारी राहत, जिल्हा परिषदेतून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले होते आणि शिक्षण सोडून शिक्षण खात्यातलं सगळं त्यांना माहीत होतं.

"सर, हे कसं झालं सांगा," गजेंद्रनं सुरुवात केली. "पोट्टीचे मार्क चांगले. वर्धा जिल्ह्यात जागा होत्या. तरी सरकारनं उचलून समुद्रात फेकली. अर्ज करता येते का याच्यावर?"

"अर्ज कशावरही करता येते," सर म्हणाले. "उत्तर येत नाई, एवढंच."

"आमच्या भूपेंद्रनं सगळा पसंतीक्रम सोता बसून भरला. दोन दिवस वेबसाइट चालत नव्हती. शेवटच्या दिवशी हिची, शिकवते त्या कॉन्व्हेंटमध्ये, परीक्षेची ड्युटी. अडतीवरच्या कॉम्प्युटरवर बसून यानं भरलं म्हणून निदान नाव तरी आलं." गजेंद्रनं भावाकडे कौतुकानं पाहिलं. गोदामाच्या वाटणीनंतर दोघं भाऊ एका बाजूला बसण्याची ही पहिलीच वेळ होती.

भूपेंद्रनं मान खाली घातली. विनयानं, असं सगळ्यांना वाटलं.

"पहिला पसंतीक्रम काय टाकला होता?" सरांनी विचारलं.

"वर्धा," मयुरी म्हणाली. "मी काकाजींना सांगितलं होतं. वर्धा, मग अमरावती, यवतमाळ, नागपूर."

"वर्धा पहिला असता आणि या मार्कांवर," सर म्हणाले, "तर वर्धाच मिळालं असतं. मशीन वरून खाली येते. पहिला जिल्हा पाहते, तिथं बसला उमेदवार की थांबते."

मोतीलालजींचं घोरणं थांबलं.

"काकाजी," मयुरी म्हणाली, "तुम्ही पहिलं काय टाकलं?"

भूपेंद्रनं शर्टावरचा एक धागा उचलला, नीट गोल केला आणि खिशात ठेवला. मग त्यानं डोकं वर केलं. त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. गावात दुसऱ्या कुणाला सुचली नाही अशी युक्ती केलेल्या माणसाचा जरा दुखावलेला अभिमान होता.

"सिंधुदुर्ग," तो म्हणाला. "वर्धा सगळ्यात खाली टाकलं."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तुमचं डोकं आहे का नाई? यार्डात माल घ्यायचा असला तर आपण काय करतो दादा? ज्या ढिगाऱ्यावर नजर आहे, त्याच्याकडं पाहतो का? पाहत नाई. बाजूच्या ढिगात हात घालतो, त्याची सरकी काढून दाताखाली धरतो, दहादा वाहवा करतो. जाता जाता मग म्हणतो, बरं हा बी देऊन टाका. पाहिजे त्या मालावर पहिले बोट ठेवलं का भाव चढला. सरकारले कळू दिलं असतं का आपल्याले वर्धाच पाहिजे, तर सरकारनं वर्धा दिलं असतं का?"

"हो," माधव सर म्हणाले.

"मशीन आहे काकाजी ते," मयुरी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. कॉन्व्हेंटमध्ये तिसऱ्यांदा तीच चूक करणाऱ्या मुलाशी ती याच आवाजात बोलत असावी. "मशीन भाव करत नाई."

"मशीनमागं माणूसच असते ना कोणी."

"आणि मला म्हणाले, भरलं, लॉक केलं. ओटीपी मीच सांगितला तुम्हाले फोनवर."

"लॉक केलंच होतं," भूपेंद्र म्हणाला. "खोटं कुठं बोललो?"

पौर्णिमेला वाटलं, आता आपण ओरडायला हवं. सगळ्यांची तीच अपेक्षा होती. सवयीनं गजेंद्रनं दोन पावलं मागं सरूनही घेतलं. पण ओरडला गजेंद्र, आणि तोही भलत्याच सुरात.

"चला, मिटलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकाएकी उजळला होता. "भूपेंद्रची चूक झाली, माफ केली. भाऊ आहे. जायाचंच नाई म्हटल्यावर प्रश्नच नाई. पोट्टीनं परीक्षा पास केली, नाव यादीत आलं, समाजात सांगता येते. आता लग्नपत्रिकेत 'शिक्षिका' लिहू. हिंगणघाटवाले मंगळ असूनही अजून थांबून आहेत."

"कोण म्हणते चूक झाली?" दाराच्या चौकटीतून आवाज आला.

रुचिका आत आली. एरवी पुरुषांच्या बोलण्यात ती मध्ये पडत नसे. नंतर स्वयंपाकघरात त्याची नक्कल करून दाखवत असे.

"रुचिका, तू मधात नको बोलू," गजेंद्र म्हणाला.

"बोलीन. तुम्ही इथं बसून माझ्या माणसाले येडा ठरवून राह्यले. माफ केली म्हणे! काय माफ केली? पोट्टीले सरकारी नोकरी लावून दिली, हे माफ कराचं काम आहे? आख्ख्या आर्वीत किती पोट्ट्या डी.एड. करून शिलाई मशीन चालवून राह्यल्या, मोजा. यांनं वर्धा टाकलं असतं आणि वर्धा भरलं असतं, तर? सिंधुदुर्ग काय वाईट आहे? समुद्र आहे. काजू आहे. शिकलेले लोक आहेत."

"मासोळ्या खातात," गजेंद्र म्हणाला.

"तर खाऊ द्या. शिकवाले जाऊन राह्यली, पंगतीले नाई." रुचिकानं पदर खोचला. "आणि ऐका भाऊजी, लग्न होऊन आल्यावर माझी बारावी कोणी काढली? गणित कोणी शिकवलं मले? तुम्ही? हिनं शिकवलं, दुपारी गच्चीवर, तुम्ही झोपल्यावर. मी जिंदगीत कोणापाशी बसून काही समजून घेतलं असंन तर या पोट्टीपाशी."

पौर्णिमेनं जावेकडे पाहिलं. या बाईनं मयुरीच्या अभ्यासाला 'कलेक्टरबाईंची पूजा' म्हणून हिणवलं होतं, तिच्या पुस्तकांवर चण्याची डाळ वाळत घातली होती. आता नवऱ्याची अब्रू राखायची, तर सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातला सर्वोत्तम जिल्हा ठरवण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. आणि ठरवता ठरवता, पौर्णिमेच्या लक्षात आलं, तिला ते खरंही वाटू लागलं होतं.

"सर," पौर्णिमा म्हणाली, "सोडली तर?"

"सोडली तर पुन्हा परीक्षा. परीक्षा कधी होईन ते देवाले बी माहीत नाई, आणि देवाले माहीत असलं तरी खात्याले कळवलेलं नाई." सरांनी चष्मा पुसला. "घेतली तर शिक्षणसेवक म्हणून काही वर्षं काढायची. मग आंतरजिल्हा बदलीले अर्ज. आपल्याकडचे किती तरी जण तिकडं आहेत. सगळे बदलीच्या रांगेत. काही जणांचं लग्न तिथंच झालं, काही जणांचे केस तिथंच पांढरे झाले."

"आणि शिकवाचं?"

"ते बी करा लागते," सर म्हणाले. "सर्वेक्षण, निवडणूक, खिचडीचा तांदूळ आणि ऑनलाइन माहिती यातून वेळ उरला तर. मी शेवटचा नीट शिकवला तो धडा कोणता, आठवून पाहिलं परवा. आठवला नाई."

मयुरी हसली. त्या खोलीत त्या दुपारी हसलेली ती एकटीच.

"नको जाऊ मग," पौर्णिमा म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो.

मयुरीनं तिच्याकडे वळून पाहिलं. "तू म्हणते हे?"

"एवढ्या दूर एकटी पोरगी. ना भाषा आपली, ना खाणं. तापानं पडली तर पाणी कोण देईन? मी नोकरीले नाई म्हणत नाई. मी म्हणते, पुन्हा परीक्षा दे. इथं मिळवू. जवळ."

"आई, मले शिकवाचं आहे," मयुरी म्हणाली. "आर्वीत शिकवाचं आहे, असं मी कधी म्हटलं?"

पौर्णिमेनं आठवून पाहिलं. एवढ्या वर्षांच्या भांडणांत मयुरी असं एकदाही म्हणाली नव्हती. देवळी पौर्णिमेची होती. डबाही तिचाच होता.

गजेंद्रला मात्र एवढं बारीक बघायचं कारण नव्हतं. बायको आपल्या बाजूला आली, हे त्याला पुरेसं होतं. "पाहा," तो म्हणाला, "मायच म्हणते."

तेव्हा मोतीलालजी उठून बसले. त्यांनी आधी पाणी मागितलं, प्यायले, पेला परत दिला. एवढ्या वेळात सगळे गप्प झाले होते. पाणी मागण्याचा उद्देशही तोच असे.

"सौदा भूपेंद्रनं केला," ते म्हणाले. "मूर्खासारखा केला. पण केला. आपल्या घरातला माणूस बोलून बसला का आपण मागं फिरत नाई. सत्तरच्या सालात तुमच्या आजोबांनं ओली रुई घेतली, माहीत असून घेतली, शब्द गेलता म्हणून. मग सरकारले दिलेला शब्द काय शब्द नाई?"

"बाबूजी, पोरगी आहे, रुई नाई," गजेंद्र म्हणाला.

"म्हणूनच पुढचं बोलून राह्यलो. रुई असती तर गाडी कधीच भरली असती." म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं. "ही पोट्टी शिकली ते हिच्या मायमुळं. आपण सगळे आडवे होतो, मी बी. तर आता मायनंच सांगावं. पौर्णिमा म्हणीन तसं होईन. मयुरी, मंजूर?"

"मंजूर," मयुरी लगेच म्हणाली. पोरीला आईच्या उत्तराची खात्री होती.

लग्न होऊन आल्यापासून या घरात पौर्णिमेला कुणी मत विचारलं नव्हतं. न विचारता तिनं ते शेकडो वेळा दिलं होतं. आता सगळं घर तिच्या तोंडाकडे पाहत होतं, आणि नेमकं आज तिच्याकडे मत नव्हतं.

"मंगळवारी कागद तपासून शाळा देणार आहेत ना?" ती म्हणाली. "तवरोक सांगते."

"ठीक," मोतीलालजी म्हणाले. "पोट्टी जाऊन माल पाहून येईन. पाहाले काही लागत नाई." आणि ते पुन्हा आडवे झाले.

रविवारी मयुरी निघाली. पुलगावपर्यंत एसटी, तिथून कोल्हापूरची गाडी, कोल्हापूरहून पुन्हा एसटीनं घाट उतरून खाली. सोबत भूपेंद्र. ज्यानं घोळ केला त्यानंच निस्तरावा, हे रुचिकाचं मत होतं. तिनं त्याला बॅगेसकट घराबाहेर काढलं. गजेंद्र दुकानातून आला नाही. पौर्णिमेनं बसस्टँडवर मुलीला चिवड्याचा डबा दिला, शेंगदाण्याचे लाडू दिले, स्वेटर दिला. स्वेटर पाहून मयुरी म्हणाली, "आई, कोकणात थंडी नसते." त्यावर तिनं तो परत घेतला नाही. उत्तर तेवढं दिलं नाही. बस सुटताना मयुरीनं खिडकीतून भुवया उंचावून विचारलं, आणि पौर्णिमा म्हणाली, "गाडीत झोपजो."

दोन दिवस ती मनात दोन्ही उत्तरं रचत होती. भांडी घासताना 'जा' पटायचं, आणि संध्याकाळी दिवा लावला की 'ये'.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मयुरीचा फोन आला.

"आई, कागद तपासून झाले. आता हॉलमध्ये सोडतीन. नाव पुकारलं का टेबलापाशी जाऊन शाळा निवडाची नाही तर नकार लिहून द्यायचा. मोबाइल बाहेर जमा करून राह्यले." मागे खूप बायका एकदम बोलत होत्या. "सांग आता."

"कसं आहे तिथं?"

"झाडं आहेत आई. एवढी झाडं की आभाळ तुकड्यातुकड्यानं दिसते. काल एका शाळेत डोकावून आली. पोट्टे काय बोलतात, अर्धं समजत नाई. त्यांले माझं पाऊण समजत नाई." ती हसली. "एकीनं विचारलं, बाई तुम्ही हिंदी का? मी म्हटलं, वर्ध्याची. ती म्हणे, तेच ते."

त्या हसण्यात पौर्णिमेला काहीतरी ऐकू आलं आणि ती घाबरली. पोरगी अजून रुजू झाली नव्हती आणि तिथली झाली होती.

"ये परत," ती म्हणाली.

पलीकडे बायका बोलत राहिल्या.

"बरं," मयुरी म्हणाली, आणि फोन ठेवला.

गजेंद्र पलंगावर बसून मोजे घालत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. एक मोजा हातात तसाच धरून तो उठला, बायकोजवळ आला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. असं तो स्वतःची आई गेली तेव्हाही करू शकला नव्हता.

"आज पहिल्यांदा शहाण्यासारखी बोलली तू," तो म्हणाला. "मले माहीत होतं. शेवटी तुले समजनच, हे माहीत होतं मले." आणि खिशातून फोन काढून त्यानं हिंगणघाट लावलं. "हां, नमस्कार साहेब! रविवारी या. हो, हो, घरीच राहणार आहे आता ती. नोकरी काय, हौस होती हो पोरीची. मायनंच समजावलं शेवटी."

पौर्णिमा ऐकत राहिली. हौस. हाच शब्द गजेंद्रनं डी.एड.च्या वेळी वापरला होता, आणि तेव्हा तिनं त्याच्यापुढचं ताट उचलून नेलं होतं. आज ताट त्याच्यापुढं होतं आणि ते तिनंच वाढलं होतं. भांडणं सगळी जिंकून ती नवऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहिली होती आणि तो तिची पाठ थोपटत होता.

तिनं मयुरीचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग भूपेंद्रचा लावला.

"वहिनी, मी बाहेर आहे. उमेदवाराशिवाय आत सोडत नाईत," भूपेंद्र ओरडत बोलत होता. "व्हरांड्यातल्या खिडकीतून दिसते मले. तिसऱ्या रांगेत बसली आहे."

"तिले सांगा, शाळा घे म्हणा."

"ऑं? तुम्ही तर नको म्हटलं ना आता? पोट्टी मले जाता जाता बोलली, आई नाई म्हणते काकाजी."

"मी म्हटलं होतं. आता घे म्हणून राह्यली. सांगा तिले."

गजेंद्रनं फोन कानापासून दूर धरला. "पौर्णिमा," तो म्हणाला. हिंगणघाटवाले त्याच्या हातात "हॅलो, हॅलो" करत राहिले. दारात रुचिका येऊन उभी होती.

"कसं सांगू वहिनी? खिडकीले जाळी आहे. आत माइकवर नावं पुकारून राह्यले. शिक्षणाधिकारी साहेब बसले आहेत समोर."

"ओरडा."

"साहेबांसमोर?"

"भूपेंद्रभाऊ, भर हंगामात तुमचा आवाज अर्ध्या यार्डाले ऐकू जाते. ओरडा म्हटलं ना!"

"थांबा... थांबा. नाव घेतलं. हो, तिचंच नाव घेतलं. उठली. वहिनी, उठली ती."

त्यानंतर भूपेंद्र ओरडला. काय ओरडला ते आर्वीत नीट ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी कुणीतरी त्याच्यावर ओरडलं, आणि मग तिसरंच कुणी म्हणालं, "अहो, यांना आधी बाहेर काढा." फोन कशावर तरी आपटला आणि बंद झाला.

शेवटची पक्की माहिती एवढीच. मयुरीचं नाव पुकारलं गेलं होतं आणि ती खुर्चीवरून उठली होती. तिथून ती टेबलापाशी शाळा निवडायला गेली की नकार लिहून द्यायला, हे दुपारपर्यंत घरी कळलं नव्हतं.